तेरावा तुकडा

१

तिसऱ्या तुकड्यावरही तेच दोन उंचवटे उमटले, तेव्हा फौजियाने चौथा उचललाच नाही.

पडद्यावर दिसायला हवे होते सुईसारखे सुळके. रामन पद्धतीचं सगळं इंगित त्यातच आहे. पदार्थावर लेसरचा बारीक किरण टाकला की परतणाऱ्या उजेडातला चिमूटभर उजेड रंग बदलून येतो, आणि तो बदल आलेखावर मांडला की सुळके उभे राहतात. प्रत्येक पदार्थाचे सुळके ठरलेले, माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखे. फौजियाने सिलिकॉनच्या नखाएवढ्या बारा तुकड्यांवर पेंटासीन नावाच्या सेंद्रिय पदार्थाचा थर चढवला होता, केसाच्या हजाराव्या हिश्शाइतका पातळ. असल्या थरातून वीज नीट खेळली तर उद्या घडी घालून खिशात ठेवायचे पडदे होतील, म्हणून साऱ्या जगात त्यावर काम चाललं होतं. त्या कामाचा एक कोपरा किकवीच्या पुढे, हायवेपासून आत, या छोट्या संशोधन केंद्रात होता. बारा तुकडे करायला तिला आठ महिने लागले होते. आणि आज, २००५ च्या ऑगस्टमधल्या या सोमवारी, सुळके गायब होऊन तिथे बैलाच्या वशिंडासारखे दोन जाड उंचवटे आले होते. ते कशाचे, हे नवशिक्या पोरालाही पाठ असतं. काजळीचे.

“जाळलेस ना?” मागून आवाज आला.

केंद्राचे प्रमुख डॉ. बांदल कधी येऊन उभे राहिले, तिला कळलंच नव्हतं. माणूस विद्वान, पण रागाचा पारा कायम चढलेला. मत आधी, विचार मागाहून.

“सर, मी फिल्टर लावला होता. एक टक्क्याचाच.”

“कशावरून?”

मशीनशेजारच्या नोंदवहीत प्रत्येकाने नाव, वेळ आणि फिल्टर, म्हणजे किरणाची किती टक्के ताकद सोडली ते, लिहायचा नियम होता. शुक्रवारी अभिषेक या विद्यार्थ्याने आपल्या कामासाठी किरण पूर्ण ताकदीवर वापरला होता. त्याच्या नावापुढे ‘शंभर’ लिहिलं होतं. त्याखाली आजची फौजियाची नोंद. नाव होतं, वेळ होती. फिल्टरचा रकाना मोकळा होता. काम आटोपल्यावर फिल्टरचं चाक शून्यावर आणायचा नियम मात्र तिने पाळला होता, त्यामुळे चाकही आता काही सांगत नव्हतं.

“म्हणजे शुक्रवारच्या शंभरावरच ठेवून किरण मारलास. पेंटासीनचा कोळसा केलास,” बांदल म्हणाले. त्यांनी तुकड्यांच्या पेटीचं सरकतं झाकण लावलं आणि त्यावर कागदाची पट्टी चिकटवली. “उरलेले नऊ तरी राहू देत. उद्या पुण्याहून धुमाळ येताहेत. मशीनमध्ये दोष नाही, एवढं त्यांनी लिहून दिलं की परवाच्या समितीपुढे तुझं नाव नसेल.”

समिती बुधवारी अकराला बसणार होती. पुढच्या दोन वर्षांची शिष्यवृत्ती एकच होती, आणि नावं दोन: गायत्री आणि फौजिया. ती हुकली तर तीन वर्षांचं संशोधन अर्ध्यावर सोडून घरी बसायचं, वर निष्काळजी म्हणून शिक्का.

संध्याकाळी भोरला पोचली तर अब्बा, शफीभाई, आपल्या मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानातून हात पुसत आले. “झालं का गं तुझं मोजमाप?”

“होतंय,” ती म्हणाली. तापातून कालच उठलेली पोर. अब्बांनी पुढे विचारलं नाही. रात्रभर तिच्या डोळ्यांपुढे तो मोकळा रकाना होता. आपण चाक फिरवलं होतं ना? फिरवलं होतं. की रोज फिरवतो म्हणून आजही फिरवलं असं वाटतंय?

२

आनंदराव धुमाळ साठीचे होते. लेसरची मशीनं दुरुस्त करत त्यांनी निम्मा महाराष्ट्र पालथा घातला होता. दातात लवंग धरायची आणि कामाआधी सगळ्यांना ‘जेवलात का’ विचारायचं, या त्यांच्या दोन सवयी. मंगळवारी सकाळी तासभर त्यांनी मशीन तपासलं.

“मशीन ठणठणीत आहे,” ते म्हणाले.

बांदलांनी कागद पुढे केला.

“सही संध्याकाळी करतो,” धुमाळांनी लवंग या गालातून त्या गालात नेली. “मशीन ठीक आहे एवढंच मी सांगितलं. पोरगी चुकली असं मशीन म्हणत नाही. मशीन कधी खोटं बोलत नाही, साहेब. विचारणारे भलतंच विचारतात.”

मग त्यांनी एकेकाला गाठलं. फौजियाला आधी. “शुक्रवारी काय काय झालं, सांग. क्षुल्लक वाटेल तेही.”

“सकाळी अभिषेकचं काम चाललं होतं. अकराला वादळ झालं, लाईट गेली. जनरेटरला डिझेल नव्हतं, म्हणजे तुकडे कोरडे ठेवणारं कपाटही बंद. मला ताप भरला होता. सोनबाकाकांना सांगितलं की कपाटातल्या सिलिका जेलकडे बघा, दाणे निळे आहेत तोवर ठीक, गुलाबी झाले म्हणजे ओल शिरली. बियाण्यासारखं जपा म्हटलं. आणि एकच्या एस.टी.ने भोरला गेले. लाईट आली ती काल पहाटे.”

अभिषेक आला तो घाम पुसतच. तो खरं सांगेपर्यंत धुमाळांच्या दोन लवंगा संपल्या. “सर, माझं काम चालू असतानाच लाईट गेली. मी चाक शून्यावर न आणताच निघालो. ते शंभरावरच होतं.” त्याने फौजियाकडे बघितलं नाही. “तू बघशील असं वाटलं मला.”

म्हणजे सोमवारी ती मशीनपाशी बसली तेव्हा चाक खरोखरच शंभरावर होतं. आठवायला गेलं की फक्त तापाची कणकण आठवत होती.

गायत्री तोलून बोलली. तीही शनिवार-रविवार पुण्याला बहिणीकडे होती. तिचेही असेच बारा तुकडे होते, त्याच कपाटात, दुसऱ्या पेटीत.

“ते कसे आहेत?”

“ठीक आहेत.”

“बघू?”

“समितीपुढेच उघडीन,” ती म्हणाली आणि उठून गेली. तिचा आवाज कापल्याचं धुमाळ आणि फौजिया दोघांच्याही लक्षात आलं.

शेवटी सोनबा. विंझरचा म्हातारा, केंद्राचा राखणदार. कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि डोक्यावर मळकी टोपी.

“शुक्रवारनंतर मशीनच्या खोलीत कोण गेलं होतं, सोनबा?”

“दुसरं कुनी न्हाई. किल्ली माज्याच कमरंला हुती.”

“तुम्ही हात लावलात?”

“मशीनला? न्हाई बा! त्या लाल उजेडाला म्या लांबनंच रामराम घालतो.”

म्हातारा खोटं बोलत नव्हता, हे शेंबडं पोरही सांगेल. सोनबाची पाळी संपली आणि तो दोनच्या गाडीने विंझरला गेला. फौजियाने घड्याळ बघितलं. समितीला एकवीस तास उरले होते, आणि प्रत्येक जबानीने दोरी तिच्याच गळ्याभोवती आवळली होती.

३

“पेटी उघडा,” धुमाळ म्हणाले.

बांदलांनी कुरकुरत पट्टी फाडली. आत चारचारच्या तीन रांगा, आणि पुढच्या कोपऱ्यात एक जास्तीचा तुकडा. धुमाळांनी बॅटरीचा उजेड तिरका धरला आणि रांगेमागून रांग बघत गेले.

“पुढची रांग मळकट दिसते. मधली जरा कमी. मागची चकचकीत. लेसर असा उतरत्या क्रमाने जाळतो का, साहेब?”

“हवेनं थर खराब होतो कधी कधी,” बांदल म्हणाले.

धुमाळांनी पहिला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. “एवढा किरण एका ठिकाणी बसला तर खड्डा पडतो. मला खड्डा दिसत नाही.”

“किरण थोडा पसरट असेल तर नाही पडत.”

फौजिया दोघांकडे आळीपाळीने बघत होती. एक दार किलकिलं व्हायचं, की सर ते बंद करायचे.

झाकण सरकायच्या खाचेत मोहरीएवढा लालसर दाणा अडकला होता. धुमाळांनी तो चिमट्याने काढला. “हे काय?”

“सिलिका जेल असेल,” फौजिया म्हणाली. “ओल लागून गुलाबी झालेलं.”

“असेल,” म्हणत त्यांनी तो कागदात गुंडाळून खिशात टाकला. मग कोपऱ्याकडे बोट केलं. “आणि हा तेरावा?”

“तो कोरा आहे. नुसतं सिलिकॉन, वर थर नाही. सिलिकॉनचा सुळका ठरलेल्या जागी येतो ना, म्हणून रोज सकाळी त्यावरून मशीन तपासते.”

“काल तपासलंस?”

तिने मान खाली घातली. “नाही. अंगात कणकण होती. घाई झाली.”

“बरं झालं. म्हणजे काल याला किरण लागलाच नाही.” धुमाळांनी तो तुकडा मशीनखाली ठेवला. चाक एकवर आणलं, दोघांना दाखवलं, वहीत ‘एक’ लिहिलं आणि किरण सोडला.

पडद्यावर सिलिकॉनचा सुळका उभा राहिला. आणि त्याच्या पुढे, हळूहळू, दोन वशिंडं.

बांदल पडद्याजवळ सरकले.

“साहेब,” धुमाळ शांतपणे म्हणाले, “याच्यावर थर नाही, कालचा किरणही नाही. मग इथे जळालं काय?”

४

बांदलांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “काजळी बाहेरून आली म्हणता?”

“वरून बसली. चुलीवरच्या भांड्यावर बसते तशी. पुढच्या रांगेवर जास्त, मागे कमी.”

“जनरेटरचा धूर!” फौजियाच्या तोंडून निघालं. जनरेटर कपाटाजवळच्या खिडकीबाहेरच होता.

“त्याला डिझेल नव्हतं, तूच म्हणालीस.” धुमाळ कपाटाकडे वळले. “आणि कपाटात धूर शिरला असता तर दोन्ही पेट्यांत बसला असता. गायत्रीताई, आता उघडावीच लागेल.”

गायत्री दारात उभी होती. तिने पेटी आणली, उघडली आणि खुर्चीत बसून रडायला लागली. तिच्या तुकड्यांवर काजळीचा कण नव्हता. पण थरांवर पांढुरके डाग पडले होते, आणि मशीनखाली धरल्यावर पेंटासीनचे सुळके खचलेले, फाटलेले निघाले. तीन दिवसांच्या दमटपणाने थर कुजले होते.

“मला काल सकाळीच कळलं,” ती हुंदके देत म्हणाली. “फौजियाचे गेले, आता माझेही गेले म्हटलं तर केंद्रच बंद करतील असं वाटलं.”

फौजियाने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिच्याविषयी सकाळपासून काय काय मनात आणलं होतं, ते आठवून तिला स्वतःची शरम वाटली.

“एकाच कपाटातल्या दोन पेट्या,” धुमाळ म्हणाले. “एकीला ओल लागली, धूर नाही. दुसरीला धूर लागला. म्हणजे ती पेटी या कपाटात नव्हतीच. मधल्या दिवसांत कुठेतरी फिरून आली.” त्यांनी खिशातला कागद उलगडला आणि तो लालसर दाणा नखाखाली चिरडला. सिलिका जेल काचेसारखं कचकन फुटतं. याचं पीठ झालं. त्यांनी ते जिभेला लावलं.

“नाचणी,” ते म्हणाले.

कपाटाच्या किल्ल्या तिघांकडे होत्या. फौजिया भोरला तापात, गायत्री पुण्यात. भोरच्या बाजारपेठेत वाढलेल्या फौजियाला नाचणी कशी पिकते ते ठाऊक नव्हतं, पण तिसरी किल्ली कुणाच्या कमरेला असते हे ठाऊक होतं.

“सगळ्यांनी त्यांना विचारलं, मशीनला हात लावला का,” ती पुटपुटली. “पेटीचं कुणी विचारलंच नाही.”

५

धुमाळांच्या जुन्या व्हॅनमधून दोघं विंझरला पोचली तेव्हा सोनबा ओट्यावर बसून दोरी वळत होता. तिला बघून तो लगबगीने उठला. “अगं बाई, ताई! या, या. सखू, चा टाक.”

आत चूल पेटलेली होती. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. चुलीच्या बरोबर वर, आढ्याला दोन दोऱ्यांनी एक फळी टांगली होती. तिच्यावर मक्याची कणसं, दुधीच्या बियांची पुरचुंडी, नाचणीच्या बियाण्याची पिशवी. सगळं धुराने काळवंडलेलं. फौजिया त्या फळीकडे बघतच राहिली.

“काका,” तिने विचारलं, “माझी पेटी इथे होती?”

“व्हय की!” सोनबाचा चेहरा खुलला. “तुमीच म्हनलावता, बियान्यावानी जपा. शनवारी बघतो तर दानं गुलाबी. लाईट न्हाई, डिझेल न्हाई. म्हनलं, आता ताईचं बी कुजतंय. मांडीवर घिऊन आलो येष्टीत, कुनाचा धक्का लागू दिला न्हाई. हितं दोन दिस ऊब दिली आन् सोमवारी पहिल्या गाडीनं जागच्या जागी ठिवली.”

“मग आधी बोलला का नाहीत?”

“इचारलं कुनी?”

“गायत्रीची का नाही आणलीत?” धुमाळांनी विचारलं.

“त्यांनी मला काय सांगितलंच नव्हतं. न सांगता दुसऱ्याच्या चीजवस्तूला हात कसा लावू?” मग त्याने दोघांची तोंडं न्याहाळली आणि त्याचा आवाज खाली आला. “का वो? बिघाडलं काय?”

चहाचा कप घेऊन आलेली सखूबाई थबकली. केंद्राबाहेर सुतळीचा तोडाही न्यायचा नाही, असा बांदलांचा नियम होता. दोन वर्षांपूर्वी एका माळ्याला रिकाम्या बाटल्या नेल्या म्हणून त्यांनी त्याच दिवशी घरी पाठवलं होतं.

“ह्यांची नोकरी जाईल व्हय, ताई?” सखूबाईने विचारलं.

फौजियाने कप घेतला आणि तसाच खाली ठेवला. स्वतःची सुटका दारात उभी होती, आणि ती नेमकी या म्हाताऱ्याच्या पाठीवर पाय देऊन आत येणार होती.

“मला खरं तेच लिहावं लागेल,” धुमाळ हळूच म्हणाले. मग फळीकडे बघत थांबले. “सोनबा, पेटीचं झाकण?”

“निम्मं सारलं हुतं. समदं लावलं तर ऊब कशी लागंल? समदं काढलं तर उंदीर हायतीच.”

धुमाळांनी फौजियाकडे बघितलं. मागची, चकचकीत रांग. ती झाकणाखाली होती.

६

बुधवारी सकाळी आठला फौजिया मशीनपाशी बसली. चाक एकवर आणलं. परत बघितलं. उठून दिव्याच्या उजेडात तिसऱ्यांदा बघितलं आणि वहीत ‘एक’ लिहिलं. मागे धुमाळ, बांदल आणि गायत्री उभे होते. मागच्या रांगेतला नववा तुकडा तिने चिमट्याने किरणाखाली ठेवला.

पडद्यावर पहिला सुळका उभा राहिला. सुईसारखा. मग दुसरा, मग तिसरा, जिथल्या तिथे. वशिंडांचा मागमूस नाही. दहावा, अकरावा, बारावाही तसेच. फौजियाच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायची तिला लाज वाटली नाही.

“पुढच्या रांगेतल्या तिघांवर खड्डा नाही, आणि किरण पसरट नाही हे मी तपासलंय; म्हणजे सोमवारीही चाक एकवरच होतं,” धुमाळ म्हणाले. “हात सवयीने बरोबर चालला होता, पोरी. लिहायचं तेवढं राहिलं.”

अकराला समितीपुढे बांदलांनी घसा साफ केला. “एक चौकशी बाकी आहे. ही पेटी केंद्राबाहेर नेली कुणी?”

धुमाळांनी तोंड उघडलं, पण फौजिया आधीच उभी राहिली होती.

“माझ्या सांगण्यावरून गेली, सर. सोनबाकाकांना मी म्हटलं होतं, बियाण्यासारखं जपा. बियाणं कसं जपतात ते मला माहीत नव्हतं, त्यांना माहीत होतं. शिक्षा द्यायची तर सांगणाऱ्याला द्या.”

समितीतल्या पांढऱ्या केसांच्या बाई दोन्ही पेट्यांचे आलेख शेजारी ठेवून बघत होत्या. “तीन दिवस वीज नव्हती. तुमच्या कपाटातला एकही थर वाचला नाही,” त्या बांदलांना म्हणाल्या. “जे वाचले ते बाहेर नेले म्हणून वाचले. आता शिक्षा कुणाला द्यायची म्हणता, राखणदाराला, की ज्याने डिझेल भरून ठेवलं नाही त्याला?”

बांदलांनी पुढ्यातल्या यादीवर खोडलेलं फौजियाचं नाव स्वतःच्या हाताने परत लिहिलं.

दुपारी ती फाटकापाशी आली. सोनबा टोपी हातात धरून उभा होता. सकाळपासून तो बसलाच नव्हता. किल्ल्यांचा जुडगा त्याने कमरेवरून काढून ठेवला होता, मागितला तर द्यायला बरा म्हणून.

“ताई, काय झालं?”

तिने तो जुडगा उचलून त्याच्या हातात दिला. “चार जगली, काका. बारातली चार.”

सोनबाने बोटांवर हिशेब केला, आणि कालपासून पहिल्यांदा त्याचा चेहरा सैल झाला.

“चार म्हंजी लई झाली,” तो म्हणाला. “पुडल्या पेरनीला पुरत्यात.”